मोफत वकील खरंच मिळतो का? तालुका विधी सेवा समितीचा आमचा अनुभव

सरळ मुद्द्यावर येते. सरकारकडून कोर्टात मोफत वकील मिळतो ही गोष्ट खरी आहे, आणि माझ्या मावसबहिणीला (पुढे नुसतं ताई म्हणते) ज्या वकील मॅडम मिळाल्या त्यांनी जेवढं मन लावून काम केलं तेवढं आमच्या ओळखीतल्या कित्येकांनी भरपूर फी मोजूनही त्यांच्या वाट्याला आलेलं नाही. या सेवेला माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. पण ही सेवा ज्या कोर्टाच्या आत चालते तिथला वेळ मात्र अजूनही पैसेवाल्याच्या सोयीनं चालतो, हे मी ताईबरोबर प्रत्येक तारखेला बाकावर बसून बघितलंय, त्यामुळे त्याला चार देता येत नाहीत. दोन्हीबद्दल लिहिते. तालुक्याचं नाव लिहीत नाही, केस अजून चालू आहे. सातारा-सांगलीकडचा भाग आहे एवढं पुरे.

आधी ही सेवा काय आहे ते, कारण आमच्या गावात निम्म्या लोकांना माहितीच नव्हती आणि ज्यांना माहिती होती त्यांना वाटायचं ती फक्त पिवळ्या रेशनकार्डवाल्यांना असते. तसं नाहीये. राज्यघटनेत ३९ अ कलम आहे, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं आलं, पैशाअभावी कुणाला न्याय नाकारला जाऊ नये आणि राज्यानं मोफत कायदेशीर मदत द्यावी असं ते सांगतं. त्यावरून १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि तो लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ ला, म्हणजे कायदा झाल्यावर पण आठ वर्षं थांबावं लागलं. वर दिल्लीला राष्ट्रीय प्राधिकरण, त्याखाली राज्याचं, मग जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि शेवटी तालुका समिती, जी तुमच्या तालुक्याच्या कोर्टाच्या आवारातच असते. त्या कायद्याचं कलम १२ सगळ्यांनी एकदा वाचाच. बाई असेल किंवा मूल असेल तर उत्पन्न किती हे बघतच नाहीत, वकील मोफत. अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग व्यक्ती, कारखान्यातले कामगार, कोठडीत किंवा जेलमध्ये असलेला माणूस, पूर-भूकंपात सापडलेले, यांनाही उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांना आहे, आपल्या राज्यात वर्षाला तीन लाखांच्या आत. आणि वकिलाच्या फीबरोबर कोर्ट फी, प्रोसेस फी, टायपिंग, नक्कल यांचा खर्चही त्यात येतो.

ताईची गोष्ट थोडक्यात अशी की दाजींनी तिला आणि पोराला घराबाहेर काढलं, ती माहेरी येऊन राहिली, कॉलेजच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये चपात्या लाटायला जाते. दाजींची परिस्थिती अख्ख्या पंचक्रोशीला माहितीये, दोन जेसीबी, ऊस वाहतुकीचे ट्रॅक्टर, रोडलगत भाड्यानं दिलेले गाळे. पोटगीचा अर्ज करायचा होता, फौजदारी प्रक्रियेच्या जुन्या कायद्यातलं कलम १२५, नव्या संहितेत ते १४४ झालंय. खासगी वकिलानं सुरुवातीलाच जो आकडा सांगितला तो ऐकून ताई म्हणाली, एवढे असते तर पोटगी कशाला मागितली असती.

समितीचं ऑफिस म्हणजे कोर्टाच्या मागच्या बाजूला एक खोली, दोन टेबलं, भिंतीवर १५१०० हा हेल्पलाइन नंबर मोठ्या अक्षरात आणि कपाटावर फायलींचे गठ्ठे. आत एक विधी स्वयंसेवक बसलेल्या होत्या, त्यांनी ताईला आधी पाणी दिलं आणि बसवून सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही घाई केली नाही. अर्जाचा फॉर्म होता तो त्यांनीच भरून दिला, सही ताईची. आधार, लग्नाचा पुरावा, पोराचा जन्मदाखला, झेरॉक्स. उत्पन्नाचा दाखला आम्ही तलाठ्याकडून मुद्दाम आणला होता, तो लागलाच नाही. मग काही दिवसांनी पॅनेलवरच्या वकील मॅडमचं नाव असलेलं पत्र मिळालं. आपल्याला यादीतलं एखादं नाव सुचवता येतं, मान्य करायचं की नाही ते त्यांच्या हातात. आणि हे नीट लक्षात ठेवा, पॅनेलच्या वकिलाला तुमच्याकडून एक रुपया पण घेता येत नाही, मागितला तर सरळ समितीच्या सचिवांकडे तक्रार करायची. आमच्या मॅडमनी तर पहिल्याच भेटीत सांगितलं की चहासुद्धा मी पाजणार.

आता या मॅडमनी काय केलं ते जरा सविस्तर, कारण लोक म्हणतात फुकटचा वकील म्हणजे नुसता उभा राहणार. सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या केसमध्ये, जी आपल्याच नागपूर खंडपीठातून वर गेली होती, असं सांगून ठेवलंय की पोटगीच्या प्रत्येक केसमध्ये नवरा-बायको दोघांनी आपली मालमत्ता, उत्पन्न, कर्ज सगळ्याचं प्रतिज्ञापत्र ठरलेल्या नमुन्यात द्यायचं, आणि पोटगी मंजूर होते ती अर्जाच्या तारखेपासून. हा निकाल गावातल्या बायकांना माहिती असायची शक्यताच नाही. मॅडमनी पहिल्या तारखेपासून तो धरून ठेवला. समोरून टाळाटाळ, टाळाटाळ, शेवटी एकदाचं प्रतिज्ञापत्र आलं आणि त्यात दाजींचं उत्पन्न लिहिलेलं, शेतमजुरी, महिना नऊ हजार. गाड्या वडिलांच्या नावावर, गाळे भावाच्या नावावर. ताईचा चेहराच पडला. मी पण मनात म्हटलं झालं आता.

मॅडमनी ते प्रतिज्ञापत्र कोर्टाबाहेरच्या कट्ट्यावर बसून वाचलं, पेन्सिल घेऊन, एकेक रकाना. कर्जाच्या रकान्यात दाजींनी, आपल्यावर किती बोजा आहे हे दाखवायच्या नादात, दर महिन्याचा हप्ता लिहिला होता, एक्केचाळीस हजार. मॅडमनी त्या आकड्याखाली रेघ ओढली, बाकी काही बोलल्या नाहीत. पुढच्या तारखेला युक्तिवादात त्यांनी एवढंच विचारलं की नऊ हजार कमावणारा माणूस दर महिन्याला एक्केचाळीस हजारांचा हप्ता कुठल्या पैशातून भरतो, बँकेचं स्टेटमेंट मागवावं. न्यायाधीश साहेबांनी मान वर करून दाजींकडे बघितलं आणि तोच प्रश्न स्वतः त्यांना मराठीत विचारला. दाजी वकिलाकडे बघायला लागले. पुढे अंतरिम पोटगी (केसचा शेवटचा निकाल लागेपर्यंतची) मंजूर झाली, माय-लेकराला मिळून महिना बारा हजार, अर्जाच्या तारखेपासून. जेसीबी बघता ते कमीच आहेत, पण ताईच्या मेसच्या पगारापेक्षा जास्त आहेत.

एवढं चांगलं झालं मग तक्रार कसली, तर तक्रार वेळेची. अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो नोटीस बजावल्यापासून साठ दिवसांत निकाली काढावा असं कायद्यातच लिहिलंय. आमच्याकडे साठ दिवस कधी गेले कळलंही नाही, नुसती नोटीस बजावायलाच किती फेऱ्या, बेलीफ गेले की दाजी घरी नाहीत. मग समोरून पुण्याचे वकील आले, म्हणजे नाव त्यांचं, यायचा त्यांचा ज्युनियर, हातात मुदतीचा अर्ज. साहेब हायकोर्टात अडकलेत. साहेबांची तब्येत बरी नाही. कैफियत (म्हणजे अर्जाला लेखी उत्तर) तयार आहे फक्त टाइप व्हायचीये. त्या वेळी जे न्यायाधीश होते ते प्रत्येक वेळी अर्ज मंजूर करायचे आणि पुढची तारीख द्यायचे, आवाज न चढवता, शांतपणे, कुणाला वाईट न बोलता. बाहेरून बघितलं तर अन्याय झाला असं कुणी म्हणणार नाही. पण हिशोब करून बघा. प्रत्येक तारखेला ताईचा त्या दिवसाचा पगार कापला जातो, मेसवाला दुसरी बाई बघतो म्हणून दम देतो, पोराला कुणाकडे तरी ठेवायचं, एसटीचं तिकीट (मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं झालंय म्हणून, नाहीतर तेही झेपलं नसतं), आणि दिवसभर पुकाऱ्याची वाट बघत व्हरांड्यात ताटकळत बसायचं. दाजींना तारखेचा खर्च काय, तर ज्युनियरचं पेट्रोल. दाजी स्वतः यायचेच नाहीत. तारीख दोघांना एकच मिळाली, पण एकाच्या पोटाला चिमटा बसला आणि दुसऱ्याला त्यातून पुढचे महिने बिनपोटगीचे मिळाले. दिवाणी दाव्यात तर कायद्यानंच सांगितलंय की एका बाजूला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी देऊ नये, पण कुठल्याही दिवाणी कोर्टात अर्धा तास बसा आणि बघा तीन कसे मोजतात ते.

मला वाटतं कायदा श्रीमंताच्या बाजूनं आहे का हा प्रश्न आपण चुकीच्या जागी शोधतो. आपल्याला वाटतं कुठंतरी पाकीट दिलं जात असेल. कधी जातही असेल, मला माहीत नाही आणि पुराव्याशिवाय बोलणार नाही. पण पाकिटाची गरजच पडत नाही हे जास्त वाईट आहे. ज्याला थांबणं परवडतं तो थांबतो आणि ज्याला परवडत नाही तो शेवटी मिळेल त्यावर सही करतो, हे सगळं अगदी नियमात बसतं.

आणि अजून एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल कुणी लिहीत नाही. आमच्या इथं दाजींच्या माणसांनी गावात बोलायला सुरुवात केली की साहेबांना सांगितलंय, साहेब आपल्यातलेच आहेत, काही होणार नाही. कोणीतरी पतसंस्थेत बसून बोललं, कोणी दूध घालायला आल्यावर बोललं, ताईच्या कानावर चार ठिकाणांहून आलं. खरं होतं का? काडीचंही खरं नव्हतं असं आता मी म्हणू शकते, कारण पुढे आदेश आमच्या बाजूनं झाला. पण त्या बोलण्यानं काम केलंच ना. ताई रात्रभर झोपली नाही, मावशी म्हणायला लागली की मिटवून टाकूया, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात ते काय उगाच. म्हणजे न्यायाधीशाला विकत घ्यायचीसुद्धा गरज नाही, तो विकत घेतलाय अशी नुसती आवई उठवली तरी गरीब माणूस अर्ध्या वाटेतून माघारी फिरतो. म्हणून मला वाटतं न्यायाधीशांची वागणूक कशी असावी हा फक्त दिल्ली-मुंबईतल्या मोठ्या लोकांचा विषय नाहीये, तालुक्याच्या कोर्टात त्याचा सगळ्यात जास्त फरक पडतो.

सुप्रीम कोर्टाच्या सगळ्या न्यायाधीशांनी मिळून ७ मे १९९७ ला न्यायाधीशांसाठी सोळा मुद्द्यांची आचारसंहिता मान्य केली होती. ती वाचली तर कळतं की कुणीतरी खरंच बारकाईनं विचार केलाय. जवळच्या नातेवाइकानं, तो वकील असेल तर, आपल्यासमोर उभं राहायचं नाही. घरातला कोणी वकिली करत असेल तर त्यानं न्यायाधीशाच्या बंगल्यातून ऑफिस चालवायचं नाही. नातेवाईक आणि जवळचे मित्र सोडून कुणाकडून भेटवस्तू किंवा पाहुणचार घ्यायचा नाही. ज्या कंपनीचे शेअर आपल्याकडे आहेत तिची केस ऐकायची असेल तर आधी ते उघड सांगायचं आणि कुणाची हरकत नाही ना ते बघायचं. आणि पहिलाच मुद्दा, न्याय नुसता होऊन उपयोग नाही, तो होताना दिसला पाहिजे. पण ही संहिता हायकोर्ट-सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशांनी स्वतःवर घालून घेतलेलं बंधन आहे, मोडली तर काय याला संसदेत महाभियोग सोडला तर धारदार असं उत्तर नाही, आणि महाभियोगाचं काय होतं ते १९९३ मध्ये न्यायमूर्ती रामस्वामींच्या वेळी दिसलं, सत्ताधारी पक्ष मतदानाला तटस्थ राहिला आणि प्रस्ताव पडला. आपल्या मुंबई हायकोर्टातच १९९५ मध्ये मुख्य न्यायमूर्ती ए. एम. भट्टाचार्जी यांच्यावर परदेशी प्रकाशकाकडून पुस्तकाच्या रॉयल्टीपोटी मोठी रक्कम घेतल्यावरून प्रश्न उभे राहिले, वकिलांच्या संघटनेनं ठराव केला, त्यांनी राजीनामा दिला, आणि त्या प्रकरणावरून सुप्रीम कोर्टानं न्यायाधीशांबद्दलच्या तक्रारी न्यायव्यवस्थेच्या आतच कशा बघायच्या याची पद्धत सांगितली. आतच म्हणजे बाहेरच्या माणसाला काही कळत नाही. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशांची मालमत्ता वेबसाइटवर टाकली गेली, ही मला मनापासून चांगली गोष्ट वाटते, सगळ्या हायकोर्टांनी आणि खालपर्यंत सगळ्यांनी करावी. दाजींना प्रतिज्ञापत्रात सगळं लिहायला लावलं ते चालतं, मग ज्यांच्यापुढे ते दिलं त्यांचंही लोकांना बघायला मिळालं तर गावातल्या अफवांना जागाच उरणार नाही.

आमच्याकडे अफवा मेली ती दुसऱ्या पद्धतीनं. पहिल्या न्यायाधीशांची बदली झाली, नवीन साहेब आले. आल्यावर पहिल्याच तारखेला ज्युनियरनं नेहमीचा मुदतीचा अर्ज पुढे केला. साहेबांनी फाइल उलटी चाळली, मागच्या सगळ्या तारखांचा रोजनामा, म्हणजे त्या त्या दिवशी काय झालं याची कोर्टाची नोंद, वाचला, आणि ताईला विचारलं, बाई तुम्ही कुठून येता, कामाला कुठं जाता, आज काम बुडलं का. ताई घाबरत घाबरत हो म्हणाली. साहेबांनी अर्ज शेवटची संधी म्हणून मंजूर केला पण खर्च लावला, तो ताईला द्यायचा, आणि तो भरल्याशिवाय कैफियत घेणार नाही असं रोजनाम्यात लिहिलं. ज्युनियर काहीतरी बोलायला लागला तर एवढंच म्हणाले, तुमच्या सीनियरांचा वेळ महाग आहे तसा या बाईंचाही आहे. त्या महिन्यात तालुक्यात एका मोठ्या माणसाच्या घरचं लग्न होतं, सगळे अधिकारी जाऊन आले, हे साहेब गेले नाहीत, ही बातमी पण गावभर झाली. त्यानंतर साहेबांना सांगितलंय हे वाक्य आम्हाला परत ऐकू आलं नाही. आणि अंतरिम आदेश त्यांनी मराठीत लिहिला. खालच्या कोर्टांची भाषा मराठी म्हणून १९९८ मध्येच जाहीर झालेली आहे तरी अजून बरेच आदेश इंग्रजीत येतात, ताईनं स्वतःचा आदेश स्वतः वाचला, मावशीला वाचून दाखवला.

म्हणजे कायदा तोच, कोर्ट तेच, समोरचे वकील तेच, माणूस बदलला आणि फरक पडला. हे ऐकायला छान वाटतं पण मला यात धोका दिसतो. पुढच्या बाईच्या नशिबात कोण येईल कुणास ठाऊक.

लोकअदालतीबद्दल, म्हणजे तडजोडीनं केस मिटवायच्या बैठकीबद्दल, पण लिहायला पाहिजे कारण विधी सेवेच्या ऑफिसात गेलात की ती तुमच्यापुढे येणारच. १९८२ मध्ये गुजरातेत उनाला पहिली भरली म्हणतात, आता वर्षातून चार वेळा राष्ट्रीय लोकअदालत असते. बँकेचं कर्ज, वीज बिल, चेक बाउन्स, अपघाताची भरपाई, यासाठी उत्तम, माझ्या चुलतभावाची अपघाताची केस एका बैठकीत मिटली, भरलेली कोर्ट फी असेल तर तीही परत मिळते. पण तिथं झालेल्या निवाड्यावर अपील नाही, हे सही करायच्या आधी माणसाला नीट, दोनदा, त्याच्या भाषेत सांगितलं गेलं पाहिजे. ताईला आधीच्या साहेबांच्या काळात लोकअदालतीत बसवलं होतं, दाजींकडून एकरकमी आकडा आला, ऐकायला मोठा, पण पोराच्या दहावीपर्यंतही पुरला नसता. तिथं तडजोड करून द्यायला बसलेले लोक म्हणत होते घ्या ताई, केस किती चालेल सांगता येत नाही. त्यांचा हेतू वाईट नव्हता हे मला मान्य आहे. पण केस लांबते हीच भीती दाखवून गरिबाला कमी रकमेवर राजी करायचं म्हणजे आधी उशीर व्यवस्थेनंच करायचा आणि त्याची किंमत वसूल करायची तिच्याकडून. मॅडमनी तेव्हा ताईला बाजूला घेऊन सांगितलं, तुमची इच्छा असेल तरच, नको असेल तर नाही म्हणा, कुणी रागावणार नाही. ताई नाही म्हणाली. तडजोड दोघांच्या मर्जीनंच होते, नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

फौजदारीत तर हा फरक अजून उघडा दिसतो. २०२२ च्या शेवटी देशातल्या जेलमध्ये ५ लाख ७३ हजार माणसं होती आणि त्यातली ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी, म्हणजे ज्यांच्यावर गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. त्यातल्या कितीतरी लोकांना जामीन झालेला असतो पण जामीनदार मिळत नाही म्हणून ती आतच. १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या गवंड्याची केस सुप्रीम कोर्टात गेली होती, कोर्टानं जामीन दिला तर खालच्या मॅजिस्ट्रेटनी दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भाऊ जामीन राहायला आला तर त्याची जमीन दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यावर चांगलंच सुनावलं आणि हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय त्याच्या स्वतःच्या हमीवर, त्याला सोडायला सांगितलं. आणि आपण काय बघितलं, ६ मे २०१५ ला सलमान खानला सेशन्स कोर्टानं पाच वर्षांची शिक्षा दिली आणि त्याच दिवशी संध्याकाळी हायकोर्टातून अंतरिम जामीन. तो कायद्यानं त्याचा हक्क होता, पुढे हायकोर्टात तो निर्दोषही सुटला, माझं म्हणणं त्यावर नाही. माझं म्हणणं असं की तेवढीच घाई बाकीच्यांसाठी का होत नाही. पुण्यातलं १९ मे २०२४ चं कल्याणीनगरचं पोर्शे प्रकरण तर सगळ्यांना पाठ आहे, दोन तरुण इंजिनिअर गेले, अल्पवयीन मुलाला त्याच दिवशी, रविवार असून, बाल न्याय मंडळातून जामीन आणि तीनशे शब्दांचा निबंध. मुलांना जामीन द्यावा हे कायदाच म्हणतो आणि ते बरोबर आहे, पण झोपडपट्टीतल्या पोराला रविवारी कोण उभं राहतं? नंतर रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससूनचे डॉक्टर पकडले गेले आणि मंडळाच्या दोन सदस्यांना सरकारनं काढलं, तेव्हा लोकांचा राग उगाच नव्हता हे दिसलंच.

फौजदारी केससाठी आता बऱ्याच जिल्ह्यांत लोकअभिरक्षक कार्यालय आहे, तिथले वकील पूर्णवेळ आरोपीच्याच बाजूनं काम करतात, खासगी केस घेत नाहीत. ही पद्धत पॅनेलपेक्षा चांगली वाटते कारण त्यांचं लक्ष दुसरीकडे नसतं. नातेवाईक जेलमध्ये असेल आणि जामीन होऊनही सुटत नसेल तर हे नक्की करा: सुप्रीम कोर्टानं ३१ जानेवारी २०२३ ला सांगितलंय की जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर जेल अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट स्वतःहून अटी सैल करायचा विचार करू शकतं. शिवाय गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजना आहे, जामिनासाठी पैशांची मदत मिळते. आपण जाऊन विचारलं तरच फाइल हलते, हा मात्र अनुभव सगळ्यांचा.

सेवेत काय कमी आहे तेही लिहिते, एक स्टार त्यासाठीच कापलाय. पॅनेलच्या वकिलांना सरकार जे मानधन देतं ते फार कमी आहे आणि वेळेवर येत नाही असं मॅडमच म्हणाल्या. अशा मानधनावर चांगली माणसं किती दिवस टिकतील? शेजारच्या तालुक्यात ताईच्या मैत्रिणीला मिळालेले वकील तारखेला यायचेच नाहीत, तिनं अर्ज देऊन वकील बदलून घेतला, तसं करता येतं, पण त्यात तिचे महिने गेले. वकील घाईत दिला की काय होतं याचं टोकाचं उदाहरण खांडव्याच्या अनोखीलाल केसचं आहे, फाशीची शिक्षा होऊ शकेल अशी केस आणि ज्या दिवशी आरोप ठेवले त्याच दिवशी मोफत वकील नेमला, दोन आठवड्यांत खटला संपवला, शेवटी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती शिक्षा रद्द करून खटला परत चालवायला लावला, आणि अशा केसमध्ये वकिलाला तयारीला निदान सात दिवस द्या, दहा वर्षं अनुभव असलेला द्या असं सांगितलं. गरिबाच्या वाट्याला एक तर वर्षानुवर्षं उशीर नाहीतर अशी जीवघेणी घाई.

एक बदल मात्र आमच्या भागात खरंच मोठा झालाय. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे हायकोर्टाच्या केसेस इथंच ऐकणारं खंडपीठ, सुरू झालंय, कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी. दाजी अंतरिम आदेशाविरुद्ध वर गेलेत, आधी हे मुंबईला गेलं असतं आणि ताईनं तिथंच हात टेकले असते. आता हायकोर्टाच्या विधी सेवेतून वकील मागायचा अर्ज दिलाय, सकाळच्या एसटीनं जाऊन रात्री घरी येता येतं.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी शेवटचं. तालुक्याचं कोर्ट कुठं आहे ते माहिती असेल तर तिथल्या पट्टेवाल्याला विचारा, समितीची खोली दाखवतील. जाता येत नसेल तर १५१०० ला फोन करा. लिहिता येत नसेल तरी चालतं, तोंडी सांगा, ते लिहून घेतात. दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या, रोजनाम्याची नक्कल अधूनमधून काढत जा, केसचा सीएनआर नंबर (प्रत्येक केसला मिळणारा ओळख क्रमांक) मोबाइलवर ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकून ठेवा म्हणजे तारीख कुणाला विचारावी लागत नाही. पोटगीवाल्या बायकांनी एक कधीच विसरू नका, पोटगी थकली तर ती देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज टाकावा लागतो, नवरा देतो-देतो म्हणत वर्ष काढतो आणि मग तेवढी बुडते. ताईचे मधले काही महिने थकलेत, त्याचा अर्ज मॅडमनी गेल्या आठवड्यात दिला, जप्ती वॉरंट मागितलंय.